जुने घर पाडताना

नवे घर बांधायचे ठरले की आपण काय काय करतो? मुहूर्त बघतो. गवंडी ठरवतो. विटांचा भाव काढतो. सिमेंटची पोती किती लागतील, हे चार जणांना विचारतो. पण जुने घर उभे असते, त्याचे काय करायचे? त्याचा हिशेब कोणी करत नाही. "पाडलं की झालं, त्यात काय विचारायचं?" असे म्हणतात आणि जेसीबी बोलावतात.

जेसीबी तासाभरात घर लोळवतो. दगड, विटा, माती, लाकूड, कौले, तारा, काचा, सगळ्याचा एकच ढीग होतो. या ढिगाला आपल्याकडे राडारोडा म्हणतात. शहरातले लोक डेब्रिज म्हणतात. ढीग दारात पडला की पाय ठेवायला जागा राहत नाही. मग ट्रॅक्टरवाल्याला सांगायचे, "ने बाबा कुठंतरी." हे 'कुठंतरी' म्हणजे कुठे? बहुतेक वेळा गावाचा ओढा. नाहीतर गायरान, नाहीतर पडकी विहीर.

या धड्यात आपण या ढिगाचा विचार करू. त्यातले काय उपयोगी पडते, काय घातक असते आणि उरलेले कोठे न्यायचे, ते पाहू.

आधी हिशेब

पाटी किंवा वही घ्या. वाळू, खडी, मुरूम आपण ब्रासवर मोजतो. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. राडारोडाही तसाच मोजायचा.

समजा, जुन्या घराची एक भिंत २० फूट लांब आहे, १० फूट उंच आहे आणि २ फूट जाड आहे. जुन्या भिंती जाडच असत. २० गुणिले १० गुणिले २, म्हणजे ४०० घनफूट. म्हणजे ४ ब्रास. अशा दोन भिंती, ८ ब्रास. आडव्या दोन भिंती १२ फूट लांबीच्या आहेत. १२ गुणिले १० गुणिले २, म्हणजे २४० घनफूट. दोन्ही मिळून ४८० घनफूट, म्हणजे ४.८० ब्रास. सगळे मिळून झाले १२.८० ब्रास. दारे-खिडक्यांची जागा वजा करायची, पण ती आपण सोडून देऊ.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. उभी भिंत दाबून बसलेली असते. ती पाडली की माल फुगतो. मध्ये पोकळ्या राहतात. निदान सव्वापट तरी होतो. १२.८० ची सव्वापट १६. म्हणजे एवढ्याशा घराचा राडारोडा झाला १६ ब्रास. ट्रॉली १ ब्रासची धरली तर १६ खेपा. छपराचे सामान वेगळेच.

१६ खेपांचे भाडे किती होईल, ते तुमच्या गावच्या दराने तुम्हीच काढा. आकडा पाहिला की माणूस विचार करू लागतो. हा सगळा माल बाहेर न्यायलाच हवा का?

नाही. घरकुल योजनेतले घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे असते. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्याच्या जोत्यात २ फूट भराव लागतो. २७० गुणिले २, म्हणजे ५४० घनफूट. भराव धुम्मस करून दाबायचा, म्हणून सुटा माल जास्त लागतो. जवळजवळ ७ ब्रास. हा भराव भरायला लोक विकतचा मुरूम आणतात. म्हणजे एकीकडे भाडे देऊन दगडविटांचे तुकडे फेकायचे आणि दुसरीकडे पैसे देऊन मुरूम आणायचा! दोन्हीकडून खिसा आपलाच फाटतो.

१६ पैकी ७ खेपा अशा घरातच जिरतील. चांगले दगड पायाला लागतील, त्या समजा ३ खेपा. भिंतीची माती शेतात जाईल, समजा ५. मग राहिली किती? एक. सगळ्यांचे आकडे असेच येतील असे नाही. मातीचे घर वेगळे, विटांचे वेगळे. पण रीत हीच.

पाडायची पद्धत

हे साधायचे असेल तर घर मोडायचे नाही, उतरवायचे. घर बांधताना खालून वर जातो. उतरवताना वरून खाली यायचे.

पहिल्या दिवशी वीज तोडून घ्या. हे काम वायरमनचे. स्वतः वायरी ओढू नका. मग कौले उतरवा. मंगलोरी कौल धडधाकट निघाले तर गोठ्याला चालते. कौलांनंतर वासे, तुळया, खांब. मग दारे, चौकटी, खिडक्या. जुने सागवान ओळखीच्या सुताराला दाखवल्याशिवाय कोणाला देऊ नका. त्यावरचा धूर आणि मळ बघून व्यापारी म्हणतो, "सरपण आहे, न्यायचं भाडं द्या." सुताराने रंधा मारला की आत पिवळे सोन्यासारखे लाकूड निघते. चांगल्या जुन्या तुळईला वाळवी लागलेली नसेल तर ती नव्या दाराची चौकट होऊ शकते.

भिंतही वरून उतरवायची. काही मजूर घाईने भिंत खालून पोखरतात, म्हणजे ती आपोआप कोसळेल. भिंत कोसळते खरी, पण कोणत्या बाजूला, ते भिंत ठरवते. असे करू देऊ नका. जुन्या भिंतीच्या सांदीत विंचू असतात, म्हणून उघड्या हाताने दगड ओढू नये. आणि गावठाणात शेजाऱ्याची आणि आपली भिंत सामाईक असते. तिला हात लावण्याआधी शेजाऱ्याला बोलवा, त्याच्या देखत खूण करा. जन्माचे वैर एका हातभर भिंतीवरून झालेले मी पाहिले आहे.

"गुरुजी, याला चार दिवस लागतील, जेसीबीला एक तास," असे गवंडी म्हणेल. त्याचे खरे आहे. चार दिवसांची मजुरी लिहा. दुसऱ्या बाजूला वाचलेले लाकूड, विटा, दगड, मुरूम आणि वाचलेल्या खेपा लिहा. मग ठरवा. काही घरांत खरोखरच काही वाचवण्यासारखे नसते. तिथे जेसीबी बरा. पण तो लाकूड, कौले आणि पत्रे उतरवल्यावरच आणायचा.

वेगवेगळे ढीग

माल उतरला की लगेच वेगळा लावायचा. एकदा मिसळला की पुन्हा निवडणे म्हणजे ज्वारीत पडलेली राळ निवडण्यासारखे.

दगड. काळा दगड कधी म्हातारा होत नाही. पायाला, जोत्याला, गटाराच्या कडेला, बांधाला, कशालाही चालतो. पण इथे एक सावधगिरी हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे झोपेत होती. हजारो माणसे गेली. तिथली बरीच घरे जाड दगडी होती. दगड मातीत बसवलेले होते आणि वर माळवदाचा मातीचा मोठा भार होता. भिंतीला आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये दगडगोटे भरलेले. दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसला तेव्हा थर फाकले आणि माळवद खाली आले. म्हणून जुना दगड वापरा, पण जुन्या रीतीची भिंत पुन्हा उभी करू नका. दगडाची भिंत घालायचीच असेल तर सिमेंटमध्ये घाला, ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवा आणि छप्पर हलके ठेवा. शंका असेल तर पंचायत समितीच्या अभियंत्याला विचारा. त्याला विचारायला पैसे पडत नाहीत.

विटा. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या विटा सुट्या निघतात. वाकसाने किंवा छोट्या हातोडीने टोकून मसाला काढायचा. सिमेंटातल्या विटा बहुतेक फुटतात. अख्खी वीट घेऊन दुसरीवर ठोका. खणखणीत आवाज आला तर वीट चांगली. बद्द आवाज आला तर ती भरावात टाका. चांगली वीट पुन्हा वापरताना आधी पाण्यात भिजवा. तिचे न्हाणीघर, कुंपण, चुलीचा ओटा करा. तुकड्यांचाही उपयोग आहे. आपल्याकडे गच्चीवर पाणी मुरू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. तुकडे स्वच्छ असतील तर त्याला चालतात. आणि फार पूर्वीपासून भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळून पक्के बांधकाम करीत. विटेचा चुरा वाया घालवू नये, हे आपल्या गवंड्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

जर्मनीत दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा शहरेच्या शहरे बाँबने पडली होती. पुरुष लढाईत गेलेले किंवा कैदेत. बायकांनी ओळीने उभे राहून ढिगाऱ्यातल्या विटा हातोहात बाहेर काढल्या, टोकून साफ केल्या आणि रचल्या. त्या विटांची पुन्हा घरे झाली. जो राडा उरला त्याची बर्लिन शहरात टेकडी झाली. आज तिच्यावर झाडे आहेत.

माती. काळीत पीक आणि पांढरीत घर, अशी आपल्या गावाची जुनी वाटणी. पांढरीच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, कचरा मुरलेला असतो. म्हणून जुन्या भिंतीची माती शेतकरी शेतात टाकत आले आहेत. टाका, पण चाळून टाका. काच, प्लॅस्टिक, सिमेंटचे तुकडे, रंगाचे पापुद्रे तिच्यात नकोत. आणि जोत्याच्या भरावात शेतातली काळी माती घालू नका. ती पावसात फुगते, उन्हात आकसते. वरची फरशी तडकते.

सिमेंटचे तुकडे आणि गिलावा. हे भरावाला उत्तम. मोठे तुकडे फोडून मुठीएवढे करा. वीतभर थर द्या, पाणी मारा, धुम्मस करा, मग दुसरा थर. एकदम दोन फूट ओतून वरून पाणी सोडले तर भराव वर्षभराने बसतो. पण हे घरी फोडलेले तुकडे खडी म्हणून स्लॅबच्या कॉंक्रिटमध्ये मात्र घालू नका. त्यांना गिलावा आणि माती चिकटलेली असते. सरकारी मानकाने २०१६ साली जुन्या कॉंक्रिटची खडी काही प्रमाणात वापरायला परवानगी दिली, पण ती कारखान्यात तयार केलेल्या आणि तपासलेल्या खडीला. सळईच्या कॉंक्रिटमध्ये तीसुद्धा पाचव्या हिश्श्यापर्यंतच.

लोखंड. गंजलेली जुनी सळई सरळ करून नव्या स्लॅबमध्ये टाकू नका. गंजाने ती बारीक झालेली असते. भंगारवाल्याला द्या. वजन स्वतः डोळ्यांनी बघा. आता तुम्हाला आकडे वाचता येतात, काट्याकडे बघायला लाजायचे कारण नाही.

जपून ठेवायचा ढीग

काही वस्तू अशा आहेत की त्या कोणत्याच ढिगात घालायच्या नाहीत.

पहिली वस्तू सिमेंटचे जुने पत्रे. यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड आहे तोवर त्रास कमी. फोडला, कापला, घासला की तंतू धुळीत उडतात, श्वासाबरोबर छातीत जातात आणि कित्येक वर्षांनी कर्करोगासारखा आजार होतो. म्हणून हे पत्रे वरून फेकू नका. पाणी शिंपडून ओले करा, नाकातोंडाला नीट मास्क बांधा, अख्खे उतरवा. त्यांचा चुरा भरावात नको, शेतात नको, वाटेवर नको. मुलांना त्या दिवशी तिथे फिरकू देऊ नका. हे पत्रे पुढे कोठे द्यायचे, ते ग्रामपंचायतीला विचारून ठरवा.

दुसरी वस्तू रंगवलेले लाकूड. जुन्या तेलरंगात शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा २०१७ साली लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा काय भरवसा? अशी फळी चुलीत घातली तर शिसे धुरात आणि राखेत उतरते. ती राख आपण भांडी घासायला घेतो. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार वाईट. म्हणून घरातल्या बायांना माझे सांगणे आहे: रंगवलेली फळी कितीही कोरडी असली तरी सरपणात घेऊ नका.

तिसरी वस्तू ट्यूबलाइट. तिच्यात पारा असतो. फोडू नका, वेगळी ठेवा.

ओढ्यात टाकले तर काय होते

मी नोकरीत असताना एका गावी होतो. गाव ओढ्याच्या दोन्ही काठांवर. मध्ये सिमेंटच्या नळ्यांची मोरी, तिच्यावरून रस्ता. पलीकडच्या काठाला सखल जागी पाच-सहा घरे. त्यात एक बाई दोन मुलींना घेऊन राहत होती. मजुरी करायची. थोरली मुलगी आमच्या शाळेत सातवीला होती.

उन्हाळ्यात बाजारपेठेतले एक मोठे घर पाडले. ठेकेदाराने माल उचलायचा ठेका घेतला होता. कोठे टाकायचा, ते कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. मोरी जवळ. त्याने रात्री खेपा टाकल्या. ओढा तेव्हा कोरडा होता. चार-दोन जण म्हणाले, "बरं झालं, खड्डा बुजला."

जुलैत एका रात्री मोठा पाऊस झाला. पाणी मोरीपर्यंत आले आणि अडले. वाहून आलेल्या काट्याकुट्या राडारोड्यात अडकल्या, नळ्यांची तोंडे बंद झाली. पाणी वळले आणि सखल घरांत शिरले. माणसे वाचली. शेजाऱ्यांनी मुलींना खांद्यावर घेऊन शाळेत आणले. पण त्या बाईचे वर्षाचे धान्य कणगीतच भिजले. दोन शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या, त्या तशाच गेल्या. मुलीचे दप्तर चिखलात सापडले.

ग्रामसभा झाली. घरमालक म्हणाला, "मी ठेका दिला होता, मला काय ठाऊक?" ठेकेदार म्हणाला, "मी तिथं टाकलंच नाही." कागद कोणाकडेच नव्हता. वर्गणी काढून गावाने मोरी मोकळी केली. बाईला दोन पोती ज्वारी मिळाली. शेळ्यांचे कोणी दिले नाही. थोरलीचे पुढचे वर्ष शाळेत नाव नव्हते. ती आईबरोबर कामाला जाऊ लागली होती. दोनदा घरी जाऊन आलो, उपयोग झाला नाही.

ही खेड्यातली गोष्ट झाली. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसाला कोणतेही शहर पुरे पडले नसते. पण मिठी नदीचे पात्र भराव आणि बांधकामांनी आधीच आवळले होते, त्यामुळे संकट वाढले. पाण्याची वाट बुजवली तर पाणी थांबत नाही, दुसऱ्याच्या घरातून जाते.

पडक्या विहिरीचेही तसेच. विहिरीत राडारोडा टाकला तर त्यातले नको ते सगळे झिरपून शेजारच्या विहिरीला जाते. विहीर धोक्याची असेल तर तिला कठडा घाला, जाळी टाका.

शहरात काय करतात

काही देशांत घर पाडणारा माणूस मोठी लोखंडी पेटी भाड्याने आणतो. लॉरी येते, पेटी दारात ठेवून जाते. भरली की घेऊन जाते. पेटी घेताना तिचे माप, किती दिवस ठेवायची, त्यात काय टाकायचे आणि काय नाही, हे आधी लिहिलेले असते. पेटी कारखान्यात जाते. तिथे माल निवडतात, यंत्राने फोडतात, चुंबकाने लोखंड काढतात, चाळतात. त्याची खडी आणि वाळू होते. आपल्याकडेही दिल्लीत बुराडी येथे २००९ साली असा कारखाना सुरू झाला. पुढे आणखी शहरांत झाले. तिथे फुटपाथच्या फरश्या आणि रस्त्याच्या कडेचे ठोकळे बनतात. मुंबईत महापालिकेला कळवून, आकार भरून राडारोडा नेण्याची सोय आहे.

केंद्र सरकारने राडारोड्यासाठी वेगळे नियम २०१६ साली काढले. २०२५ साली नवे नियम जाहीर झाले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे. त्यांचा मुख्य भार मोठमोठ्या इमारती बांधणाऱ्यांवर आहे. घरकुलवाल्याने घाबरू नये. पण ओढ्यात टाकायची मुभा त्यालाही नाही.

चिठ्ठी लिहा

खेड्यात लोखंडी पेटी नाही, ट्रॉली आहे. तिला पेटीसारखेच बोलून घ्यायचे. आधी ग्रामपंचायतीत जा आणि विचारा, भराव कोठे लागतो? पाणंद रस्ता असतो, शाळेच्या आवारातला खड्डा असतो, स्मशानभूमीची वाट असते. कोठे तरी लागतोच. मग ट्रॉलीवाल्याशी बोला आणि कागदावर घ्या. तो म्हणेल, "आपल्या-आपल्यात कागद कशाला, आबा?" हसून म्हणा, "लिहायला शिकलोय नवं, सराव करतो." चिठ्ठी अशी:

"तारीख ........ . श्री. ........ यांच्या जुन्या घराचा राडारोडा, दगड-विटांचे तुकडे, ........ खेपा, दर खेपेस रु. ........ प्रमाणे, ग्रामपंचायतीने दाखवलेल्या ........ या जागी टाकायचा आहे. ओढा, विहीर, गायरान, रस्त्याची कड येथे टाकायचा नाही. ट्रॉलीवर ताडपत्री घालायची आहे. भरणे व पसरणे ........ यांच्याकडे. सही. सही."

दोन प्रती करा. एक त्याला द्या, एक पत्र्याच्या पेटीत ठेवा. पहिल्या खेपेबरोबर घरातले कोणीतरी ट्रॉलीवर बसून जा आणि जागा डोळ्यांनी बघून या. काम रात्री नको, दिवसा.

आणि हे सगळे उन्हाळ्यात उरका. मृग लागायच्या आत दारातला ढीग हलला पाहिजे. नाहीतर पहिल्याच पावसाने माती गटारात उतरते. भाड्याचे शेवटचे पैसे शेवटची खेप जागेवर पाहिल्यानंतर द्या.